दप्तरातल्या दंतकथा

जुन्या आपत्तींबद्दल लोक जे सांगतात ते सगळे भाकड आणि सरकारी दप्तरात जे लिहिले आहे तेवढेच खरे, असा एक सिद्धांत सध्या आपल्या तालुक्यातले काही इतिहासप्रेमी विद्वान ठणकावून मांडत आहेत. गावच्या इतिहासाच्या पुस्तकातून 'म्हातारे सांगत' हे शब्दच काढून टाका, म्हणजे इतिहास शास्त्रशुद्ध होईल, असा त्यांचा तोडगा आहे. पुरावा म्हणून ते प्रत्येक वेळी 1896 चा मुंबईचा प्लेग पुढे करतात. तेव्हा लोक म्हणत होते की इस्पितळात माणसाला उलटे टांगून त्याच्या अंगातून मोमियाई नावाचे औषध काढतात; व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले, म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत. बघा, असली ही जनता, आणि तिच्या तोंडून तुम्ही इतिहास ऐकणार, असा त्यांचा सवाल. दाखला फक्कड आहे. पण तो अर्धाच सांगितला जातो.

उरलेला अर्धा भाग असा. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा सुरुवातीला सरकारी तोंडातून 'प्लेग' हा शब्द निघेना. बंदराचा व्यापार बुडेल ही धास्ती होती. रोग मान्य झाला तेव्हा त्याचे कारण ठरले घाण, कुबट हवा आणि गरिबांची राहणी. मग गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडण्यात आले, घरांना चुना फासण्यात आला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवण्यात आली, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू एच एच' ही अक्षरे रंगवण्यात आली. सारे मोहरबंद, सहीशिक्क्यानिशी नोंदलेले, म्हणजे आमच्या विद्वानांच्या व्याख्येप्रमाणे शुद्ध सत्य! त्या काळात मांडवीच्या धान्याच्या वखारींत उंदीर मरून पडत होते. तिकडे गढवाल-कुमाऊँच्या डोंगरातले निरक्षर गावकरी उंदीर पडू लागले की बिऱ्हाड उचलून रानात जात, हे इंग्रज अधिकाऱ्यांनीच कितीतरी वर्षे आधी लिहून ठेवले होते. ते वाचायला कोणाला सवड झाली नाही. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने मरायला टेकलेला, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला आणि वर पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श झाला नाही, तरी निरोगी उंदीर प्लेगनेच मेला. पिसू मधला दुवा ठरली. यावरही वैद्यकीय जगाने कित्येक वर्षे नाक मुरडले. 1905 नंतर मुंबईत प्लेग आयोगाने उंदीर-पिसवांवर पद्धतशीर प्रयोग केले, तेव्हा कुठे ते गळी उतरले. म्हणजे मोमियाई ही चाळीतली दंतकथा, तर घाणीतून उठणारा प्लेग ही दप्तरातली दंतकथा. फरक इतकाच, की दुसरीच्या मागे शिपाई होते आणि तिने लोकांची घरे उपसली.

आकड्यांचे काय, असे ते विचारतील. प्लेगची नोंद झाली की घरच्यांना सक्तीने वेगळे करत, म्हणून लोक मृत्यू लपवत किंवा 'ताप' म्हणून लिहवून घेत. मृत्यूंच्या असल्या वहीतून आलेला आकडा शुद्ध कसा? आणि दंतकथा अडाणीच रचतात म्हणावे, तर 1871 मध्ये शिकागो जळाले तेव्हा मिसेस ओ'लिअरीच्या गाईने कंदिलाला लाथ मारल्याची कथा वर्तमानपत्रांनीच पसरवली. पुढे एका बातमीदाराने ती रचल्याची कबुली दिली, आणि त्या शहराच्या परिषदेला त्या बाईला व गाईला निर्दोष ठरवायला 1997 साल उजाडले.

त्यांचा एकच आक्षेप वजनदार आहे: अफवांनी नुकसान केले. खरे आहे. 29 ऑक्टोबर 1896 ला गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला, आणि डॉ. हाफकिन यांच्या प्लेगच्या लशीबद्दलही नाही नाही ते बोलले गेले. तिथे लोक चुकले. पण अफवा कशामुळे उठली हेही पाहावे लागते. इस्पितळात गेलेले बहुतेक परत येत नव्हते. झडतीला आलेले परके पुरुष बायकांच्या काखा-जांघा तपासत होते. मोमियाई कोणी काढली नाही, पण त्या कथेतली भीती खरी होती. ती कोणत्याही अहवालाच्या तक्त्यात सापडत नाही. शहराची वस्ती आठ लाखांवर होती. 1897 च्या सुरुवातीला त्यातले जवळजवळ निम्मे लोक निघून गेले, त्यामागे ही भीतीही होती. आपल्याकडे कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या कारभारात, प्लेगच्या वेळी लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवले गेले. घर सोडण्यातले शहाणपण तिथे दप्तरालाही पटले होते.

हाच वाद इथे पुराच्या बाबतीत दरवर्षी रंगतो: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी खरी, की नृसिंहवाडीच्या घाटाची पायरी? बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे पाठ असलेले लोक पायरी सांगणाऱ्याला हसतात. पण तो बंधारा वर, कोल्हापुरात आहे. खाली वाडीला कृष्णा चढलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरत नाही, त्याला फूग येते, आणि ती शिरोळच्या शिवारात पसरते. वाडीच्या माणसाला ते पायरीवरून कळते. दत्तमंदिरात पाणी शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा तो भक्तांचा सोहळा असतोच, पण ती पाण्याच्या उंचीची खूणही असते.

म्हणून माझे मागणे माफक आहे. पुस्तक जरूर काढा. दप्तरातला आकडा छापा आणि शेजारी लोकांची गोष्टही छापा. कोणी सांगितली, केव्हाची, कोणत्या गल्लीतली, ते लिहा. दोन्ही चाळणीतून काढा, पण चाळणी एकच ठेवा. 2019 आणि 2021 च्या पुरात जे घराच्या माळ्यावर चढून बसले होते, त्यांच्या आठवणी अजून ताज्या आहेत; त्या आधी लिहून घ्या. वगळायचे काय, ते नंतर बघू.