टाइलवरचा पांढरा थर आणि ॲसिडचा कॅन

उन्हाळा आला की सोसायट्यांमध्ये स्विमिंग पूल चकाचक करण्याची घाई सुरू होते. पाण्याच्या रेषेवर टाइलला पांढरा थर दिसतो, सभासद कुरकुर करतात आणि हाउसकीपिंगच्या मुलाच्या हाती ॲसिडचा कॅन दिला जातो. डॉक्टर म्हणून माझा याला स्पष्ट विरोध आहे.

तो थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा. तुमच्या गीझरच्या कॉइलवर बसतो तोच. त्याने कोणी आजारी पडत नाही. फार तर कोपर खरचटेल. पण ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून रिकाम्या पूलच्या तळाशी साचतो. घासणारा मुलगा तिथेच उकिडवा बसलेला असतो. खोकला, छाती आवळणे, धाप. कधी काही तासांनी फुप्फुसात पाणी भरते. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही.

थर येतो बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातून, वाढलेल्या पीएचमुळे, आणि हो, ब्लीचिंग पावडरमधूनही, कारण तिच्यात कॅल्शियम असते! पीएच ७.२ ते ७.८ ठेवा, रोज मोजा. टाइलची रेष दर आठवड्याला नायलॉन ब्रशने घासा. जुना थर असेल तर पाणी थोडे उतरवा, टाइल साध्या पाण्याने धुवा, मग व्हिनेगर लावा. तेही आम्लच, त्यामुळे ब्लीचिंग पावडर जवळ नको. वेळ लागेल. लागू द्या.

तिखट वास आलाच तर घासणाऱ्याला आधी मोकळ्या हवेत आणा, डोळे भरपूर पाण्याने धुवा आणि 'बरं वाटतंय' म्हणाला तरी दवाखान्यात न्या.