शेपटी न सोडणाऱ्या संख्या

मुलामुलींनो, आज वही-पेन्सिल घेऊनच बसा. आईबाबांनाही शेजारी बसवा.

रेवदंड्याच्या वाड्यांत नारळ-पोफळी दाटीने उभ्या असतात. समजा, तिथे एका वाडीत पोफळीच्या २५ ओळी लावल्या, प्रत्येक ओळीत २५ रोपे. एकूण रोपे ६२५. शेवटचे दोन अंक पाहा, पुन्हा २५! आता ७६ चा वर्ग करा. उत्तर येते ५७७६. शेवटी पुन्हा ७६!

काही लोक अशा संख्या दाखवून शुभ-अशुभ सांगतात आणि पैसे उकळतात. आपण मात्र कारण विचारायचे.

२५ पैकी एक ओळ बाजूला ठेवा. उरलेल्या २४ ओळींत २४ × २५ = ६०० रोपे, म्हणजे पूर्ण शेकडे. बाजूची ओळ मिळवली की शेकड्यांपुढे २५ येणारच. तसेच ७५ × ७६ = ५७००; त्यात ७६ मिळवा. संपला चमत्कार!

अशा दोन अंकी संख्या आणखी आहेत का? संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकारात पूर्ण शेकडे हवेत. लागोपाठच्या दोन्ही संख्यांना २ ने भाग जात नाही, तसाच ५ नेही जात नाही. म्हणून एकीला २५ ने आणि दुसरीला ४ ने भाग गेला पाहिजे. २५, ५० आणि ७५ यांचे शेजारी तपासा. २४-२५ आणि ७५-७६ याच जोड्या उरतात. म्हणून उत्तर दोनच, २५ आणि ७६. तीन अंकीही दोनच आहेत, ६२५ आणि ३७६.

संख्यांशी असा खेळ आयुष्यभर खेळले ते डहाणूला १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नव्हते, तरी त्यांचे नाव जगाच्या गणितात गेले. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात.

पालकांनो, "आपल्या घरात गणित कुणाला येत नाही," असे मुलांसमोर म्हणू नका. मुलगी "असे का?" विचारते, तेव्हा तिचे गणित सुरू झालेले असते.

गृहपाठ : ९३७६ चा वर्ग हाताने करा. शेपटी सुटते का, ते स्वतः पाहा.