गुळवेल विका, पण ओळखून!

पावसाळा लागला की मुंबई उपनगरात घरटी एक जण तरी खोकू लागतो. मग बोरिवली, मुलुंडच्या बाजारात गवती चहा, आलं, तुळस, अडुळसा यांच्या जुड्या दिसू लागतात. शहापूर-पालघरकडून पहाटेच्या गाडीनं येणाऱ्या मावशी रानभाजीशेजारी गुळवेलीचे तुकडेही मांडतात. गेल्या पावसाळ्यात मुलुंडला अशाच एका मावशींना विचारलं, "ही गुळवेलच कशावरून?" त्या म्हणाल्या, "साहेब, कडू लागते ना, मग झालं!" खरी गोम इथंच आहे.

सन २०२० च्या कोरोनाच्या साथीत गुळवेलीला एकदम भाव आला. लोक महिनोन्‌महिने काढा प्यायले. सन २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं, की तशीच दिसणारी दुसरी वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, चुकून वापरली गेली असावी. पण २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांच्या एकत्रित अभ्यासानं अस्सल गुळवेलीकडेही बोट दाखवलं.

तेव्हा गोष्टी दोन. पहिली, वेल ओळखा. अस्सल गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं, खोड हिरवट, फळं गोल, लाल, घोसानं येणारी. दुसरीचं खोड करडं, गाठीगाठींचं. कापलं की पांढरा चीक येतो. नुसत्या वाळक्या तुकड्यावरून जाणकारही फसतो. म्हणून विकणाऱ्यानं पानासकट विकावी, घेणाऱ्यानं पानासकटच मागावी. दुसरी गोष्ट, अस्सल असली तरी ती रोज पिण्याचा चहा नव्हे. यकृताचा किंवा संधिवातासारखा जुना आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

काढा वाईट, असं माझं म्हणणं नाही. आलं, गवती चहा, तुळस यांच्या गरम काढ्यानं घसा शेकतो, पोटात पाणी जातं, बरं वाटतं. झोपताना चमचाभर मधानं खोकला हलका होतो. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. गरोदर बाईनं अडुळसा टाळावा. पण काढ्यानं फ्ल्यूचा विषाणू मरत नाही. फ्ल्यूवरचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. म्हातारी माणसं, गरोदर बाया, दमेकरी यांनी काढ्यावर चार दिवस काढले तर ती वेळ हातची जाते. दम लागला, छातीत दुखलं, मूल पाणी पिईना, तर थेट दवाखाना गाठावा.

आता शेतकरी बांधवांसाठी. राष्ट्रीय उद्यानातून वेल तोडून आणणं कायद्यात बसत नाही. त्याची गरजही नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन डोळ्यांची काडी जूनमध्ये कुंपणाशी किंवा कडुनिंबाच्या बुडाशी लावली की वेल आपली आपण चढते. आपल्या हातानं लावलेल्या वेलीची खात्री आपल्याला देता येते. कृषी आणि वन खात्यानं मिळून ओळख पटवलेल्या काड्या पाड्यापाड्यावर वाटल्या, विकणाऱ्या बायांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं, तर खर्च फार नाही.

मावशींचं पोट या टोपलीवर आहे आणि गिऱ्हाईकाचा जीवही. एका चुकीच्या वेलीनं दोघांचाही विश्वास जाईल. तो सांभाळणं हे आम्हा खात्यातल्या माणसांचंच काम आहे.