डब्याला वास का आला?

दोस्तांनो, आजची गोष्ट एका फुटक्या ग्लासापासून सुरू होते. त्यात चूक आमचीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

झालं असं, की एका रविवारी आमच्या घरी काचेचा ग्लास फुटला. तुकडे सुपलीत गोळा केले आणि टाकले सरळ कचऱ्याच्या डब्यात. तेव्हा डबा एकच होता. भाजीची देठं, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, संपलेली पेनं, केसांचा गुंता, सगळे त्यात गुण्यागोविंदानं नांदायचे. सोमवारी सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी नेहमीसारखा डबा ओतला, प्लास्टिक वेगळं काढायला हात घातला आणि अंगठ्यातून भळाभळा रक्त आलं. आम्ही धावपळ केली, जखम धुतली, पट्टी बांधली. मावशी म्हणाल्या, "असू दे हो. म्हैन्याला एकदा तरी व्हतंच कुठं ना कुठं."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, इतकं ते वाक्य लागलं.

आमची धाकटी सहावीत आहे. ती दिवसभर गप्प होती. रात्री म्हणाली, "बाबा, पण मावशी आपल्या डब्यात हात घालतातच कशाला?"

प्रश्न साधा, पण उत्तर शोधायला बसलो तेव्हा मलाही बरंच नवीन कळलं. आम्ही पुण्यात राहतो, म्हणून पुण्याचंच सांगतो. इथल्या कचरावेचकांनी 1993 साली आपली संघटना उभी केली, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली. तिचे सभासद घरोघरी जाऊन कचरा नेतात. त्याबद्दल प्रत्येक घर महिन्याला ठरावीक पैसे देतं, आणि सुका कचरा विकून येणारे पैसे वेगळे. म्हणजे आपण टाकलेला पुठ्ठा ही मावशींची कमाई असते. त्याच पुठ्ठ्यावर आपण आमटी ओतली, की भंगारवाला तो घेत नाही. म्हणून त्या डब्यात हात घालतात.

आणि उरलेल्या कचऱ्याचं काय? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शेजारी नेऊन टाकला गेला. डोंगर झाले त्याचे. विहिरींचं पाणी नासलं. 2017 च्या उन्हाळ्यात तिथे आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात कचरा साचला. धाकटी म्हणाली, "म्हणजे आपल्या दोडक्याच्या साली त्यांच्या विहिरीत?" तिनं जरा जास्तच सरळ रेघ ओढली, पण खोडून काढायला मला काही सापडलं नाही.

तर मंडळी, घरात बैठक बसली. डबे दोन झाले, ओला आणि सुका. खरं म्हणजे 2016 च्या नियमांनुसार ते आधीच असायला हवे होते! धाकटीनं आठवडाभर ओला कचरा ताणकाट्यावर मोजला. चार माणसांचा रोज सरासरी पाऊण किलो भरला. आजी म्हणाली, "आमच्या वेळी परसात खड्डा असायचा. साली तिथेच जायच्या." आम्हाला परस कुठलं? गॅलरी आहे. मग एक जुना प्लास्टिकचा ड्रम आणला, सळई तापवून त्याला भोकं पाडली, दोन विटांवर ठेवला आणि रोजचा ओला कचरा आत टाकू लागलो. आता फक्त खताची वाट पाहायची, असं आम्हाला वाटलं.

खताच्या आधी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, तुमच्या गॅलरीत काही मेलंय का?"

दिवस वाळवणाचे होते. काकूंच्या कुरडयांवर माश्या बसत होत्या. बिचाऱ्यांनी गहू तीन दिवस भिजवून चीक काढला होता, त्यांचं काय चुकलं? सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, आठ दिवसांत ड्रम हलवा. मी तर हलवायलाच निघालो होतो. खरं सांगतो, मलाही त्या वासानं जेवण जाईना. पण धाकटी अडून बसली. "परत सगळं मावशींच्याच गळ्यात घालायचं?"

मग गच्चीवर बाग करणाऱ्या एका मित्राला बोलावलं. त्यानं ड्रममध्ये काठी खुपसली. पचाक् असा आवाज झाला. तो म्हणाला, "याला श्वास घेता येत नाहीये."

गंमत बघा. कचरा आपला आपण कुजत नाही, त्याला जिवाणू कुजवतात. त्यांच्यातल्या ज्यांना हवा लागते, त्यांनी काम केलं तर पावसाळी मातीसारखा वास येतो. पण कचरा ओला गच्च बसला, मधली हवा संपली, की ते मरगळतात आणि हवेशिवाय जगणारे कामाला लागतात. त्यांच्या कामातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास! शिवाय जिवाणूंना जेवण चौरस लागतं. साधारण 30 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन. भाजीच्या सालींत नायट्रोजन जास्त, वाळल्या पानांत कार्बन जास्त. आम्ही त्यांना नुसतं कालवण वाढत होतो, भाकरी दिलीच नव्हती.

भाकरी मात्र खालीच पडली होती. सोसायटीतला पालापाचोळा सफाई करणारे दादा रोज झाडून एका कोपऱ्यात पेटवत. त्यांना म्हटलं, जाळू नका, आम्हाला द्या. ते हसले, पण दोन पोती भरून दिली. आंब्याची पानं चिवट, ती चुरून घ्यावी लागली. ड्रम पूर्ण उपसला (तो प्रसंग सविस्तर सांगत नाही, तुम्ही जेवत असाल), तळाशी नारळाच्या शेंड्या घातल्या, मग एक थर कचऱ्याचा आणि त्याच्या दुप्पट थर पानांचा. वरून वाटीभर आंबट ताक शिंपडलं. दर तीन-चार दिवसांनी काठीनं खालवर करायचं. ओल बरोबर आहे का ते पाहायला मूठभर उचलून घट्ट दाबायचं. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर आणखी पानं.

पाचव्या दिवशी वास गेला. सहाव्या दिवशी काकू वर आल्या, ड्रमवर वाकून जोरात हुंगलं आणि काही न बोलता खाली गेल्या. आठव्या दिवशी सेक्रेटरी आलेच नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडावर मात्र आत तपकिरी, चपट्या अळ्या वळवळू लागल्या. आजी दोन पावलं मागे सरली. मित्र म्हणाला, घाबरू नका, ही सैनिकमाशीची पिल्लं. कचरा झपाट्यानं खातात, आणि मोठी माशी ना चावते, ना घरातल्या माशीसारखी अन्नावर घोंघावते. आम्ही झाकण लावून टाकलं आणि त्यांना त्यांचं काम करू दिलं.

तीन महिन्यांत जवळजवळ 65 किलो कचरा आत गेला होता. चाळून खत निघालं जेमतेम 12 किलो. "बाकीचं कुठे गेलं?" धाकटीला वाटलं, तिच्या मोजण्यातच चूक झाली. चूक नव्हती. भाजीच्या सालींत बहुतेक पाणीच असतं, ते वाफ होऊन गेलं. कार्बनचा मोठा वाटा जिवाणूंनी श्वासावाटे हवेत सोडला.

आता गॅलरीत मिरची आहे, पुदिना आहे, मेथी दोनदा निघाली. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना जातं आणि अळू त्यावर माजलंय. पण कुणी आम्हाला 'स्वयंपूर्ण' म्हणालं तर मला हसू येईल. भाजी अजून मंडईतूनच येते. भेंडीच्या रोपाला आख्ख्या हंगामात चार भेंड्या लागल्या, त्यांची आमटी करून चौघांनी एकेक खाल्ली.

एक शंका धाकटीच्या मनात राहिली होती. आपण ओला कचरा दिलाच नाही, तर मावशींचे पैसे कमी होतील का? तिनं सरळ त्यांनाच विचारलं. मावशी म्हणाल्या, "पैसं घरामागं मिळत्यात, वजनावर न्हाई. ओलं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, माझी ढकलगाडी हलकी. पुठ्ठा कोरडा द्या, तेवढं बास."

गेल्या आठवड्यात आमच्याकडे पुन्हा एक बरणी फुटली. धाकटीनं तुकडे वर्तमानपत्राच्या चार पदरांत गुंडाळले, दोरी बांधली, वर लाल खडूनं फुली मारली आणि पुडा डब्यात न टाकता सकाळी दारात उभी राहून मावशींच्या हातात दिला.

सौर पेटीत दोनदा कच्ची राहिलेली तूरडाळ मात्र पुढच्या अंकात. तोवर तुमच्या घरचा डबा एकदा उघडून बघा आणि आत काय काय निघालं, त्याची यादी मला पत्रानं कळवा. नाक धरून लिहिलीत तरी चालेल!