दुसऱ्यांदा निघताना

धर्मानंद कोसंबी यांच्या 'निवेदन' (१९२४) या आत्मचरित्रातील गृहत्याग मराठीच्या वर्गात नेहमीच वाखाणला जातो. गोव्यातील साखवाळचा, औपचारिक शिक्षण फारसे न लाभलेला एक तरुण बुद्धाच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडतो आणि पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा हिंडत पालीचा पंडित होतो. विद्यार्थ्यांना ही कथा भावते, कारण ती निघण्याची कथा आहे. मला मात्र वाटते की कोसंबींचे अधिक अवघड पाऊल १८९९ चे नव्हे, १९१८ चे आहे.

त्याची पार्श्वभूमी अशी. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतले होते. १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला गेले. तेथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा खटका उडाला. पाठ शुद्ध करण्याचे श्रम कोसंबींचे. मग संपादक म्हणून नाव कोणाचे, हा प्रश्न होता. तो न सुटताच कोसंबी १९१२ मध्ये परतले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले.

येथेच ही कहाणी संपली असती, तर स्वाभिमानाची कथा म्हणून आपण ती आनंदाने शिकवली असती. पण १९१८ मध्ये कोसंबी पुन्हा त्याच विद्यापीठात, त्याच ग्रंथासाठी गेले. जुना वाद पुन्हा उभा राहिला आणि १९२२ मध्ये ते काम अपुरे सोडून परतले. १९२६ मध्ये ते तिसऱ्यांदा गेले, तेव्हा कुठे ते हातावेगळे झाले.

या पुनरागमनाला शरणागती म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. शरण जाणारा आपला आक्षेप घरी ठेवून जातो. कोसंबी तो बरोबर घेऊन गेले. श्रेयाचा आग्रह हा निव्वळ अहंकार होता असेही म्हणता येणार नाही. पौर्वात्य पंडिताने पाठ लावावा आणि पाश्चात्त्य प्राध्यापकाने तो आपल्या नावे छापावा, ही त्या काळच्या विद्याव्यवहाराची रूढ वाट होती. तिला नकार देणे आणि तरीही ग्रंथ न सोडणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. ग्रंथावरची निष्ठा आणि संस्थेवरची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

याचे फळ काय मिळाले, असा प्रश्न कोणी करील. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. तीवर संपादक म्हणून वॉरन आणि संशोधक म्हणून कोसंबी असा उल्लेख आहे. न्याय मिळाला, पण उशिरा आणि अर्धवट. मात्र कोसंबी त्याची वाट पाहत बसले नव्हते. याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती त्यांनी स्वतः सिद्ध केली आणि मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने ती १९४० मध्ये प्रसिद्ध केली.

यवतमाळसारख्या गावी हे सांगणे मला अगत्याचे वाटते. येथून पुण्याला, परराज्यात, क्वचित परदेशी गेलेला मुलगा किंवा मुलगी मध्येच परतली, की तिच्यावर जन्मभराचा शिक्का बसतो. 'जमले नाही' एवढ्या दोन शब्दांत आपण तिचे प्रकरण मिटवतो. ती पुन्हा निघाली तर 'एकदा हात पोळले, तरी शहाणपण आले नाही' असे म्हणायला आपण मोकळे. आपल्या साहित्यविचारातही प्रस्थानाचे कौतुक आहे, घरी परतण्याचा गहिवर आहे. पण दुसऱ्या प्रस्थानाविषयी आपण फारसे बोलत नाही.

कोसंबींनी ४ जून १९४७ रोजी देह ठेवला, तो आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला. तेथे सहली नेणाऱ्या आम्हा अध्यापकांनी त्यांचे नाव मुलांना सांगावे. आणि सांगताना केवळ गृहत्यागाशी थांबू नये. १९१२ चे परतणे आणि १९१८ चे पुन्हा निघणेही सांगावे. वर्गात अशी एखादी परतलेली विद्यार्थिनी बसलेली असेलच.