कुत्र्याच्या अंगाला पिकाचे औषध लावू नका



गाईने वैरण सोडली की आपण लगेच दवाखाना गाठतो. राखणीचे कुत्रे मात्र रात्रभर अंग खाजवत बसले, तरी ‘कुत्र्याची जातच ती’ म्हणून सोडून देतो. फारच खाजवू लागले, केस गळू लागले, की फवारणीचे उरलेले औषध नाहीतर जळके ऑइल त्याच्या अंगाला चोपडतो. घात होतो तो इथेच.

कुत्रे आपले अंग चाटते. अंगाला लावाल ते त्याच्या पोटात जाते, कातडीतूनही भिनते. कीटकनाशकाने लाळ गळू लागते, अंग थरथरते, झटके येतात आणि जनावर दगावते. रॉकेलने व जळक्या ऑइलने कातडी पोळते. गुरांच्या गोचिडाचे औषध किंवा इंजेक्शनही अंदाजाने देऊ नये. गाईचे माप कुत्र्याला चालत नाही.

म्हणून आधी खाज कशाची आहे ते पाहावे.

पिसवा : कुत्रे कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी चावते. केस मागे सारले की काळी कणी दिसते. ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळावी. लालसर डाग उमटला तर पिसवा आहेत असे समजावे. त्यांची अंडी अंगावरून गळून बसण्याच्या जागी पडतात. म्हणून कुत्र्याचे गोणपाट उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे आणि जागा रोज झाडावी.

गोचीड : कानात, मानेवर, बोटांच्या बेचक्यांत पाहावे. चिमट्याने कातडीलगत धरून गोचीड सरळ ओढून काढावा. नुसत्या बोटांनी चिरडू नये. गोचिडापासून कुत्र्याला तापही येतो.

खरूज : डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत घर करतो. कानांच्या कडा, कोपरे आणि पोट यांपासून सुरुवात होते. खाज थांबत नाही, केस जाऊन खपल्या धरतात. ही खरूज दुसऱ्या कुत्र्यांना लागते, आणि हाताळणाऱ्या माणसाच्या अंगावरही खाजरे पुरळ उठते. लहान मुलांना कुत्र्यापासून दूर ठेवावे.

पिल्लाच्या डोळ्यांभोवती वा तोंडावर केस गळून चट्टे पडले आणि खाज फारशी नसली, तर किडा वेगळ्या जातीचा असू शकतो. गोल चट्टा असेल तर तो नायटाही असतो, आणि तोही माणसाला लागतो. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा नेमके कळते.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र वाट पाहू नये :

१) केस जाऊन कातडी जाड, ओली किंवा दुर्गंधीची झाली.
२) जखमेतून पू येतो किंवा तिच्यात किडे पडले.
३) कुत्रे सारखे डोके झटकते, कानातून घाण येते.
४) गोचिडांबरोबर ताप आहे, खाणे सुटले, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा नाकातून रक्त येते.
५) घरातल्या माणसांनाही खाज सुटली.
६) कोणी अंगाला औषध लावले आणि लाळ किंवा थरथर सुरू झाली. अशा वेळी हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने अंग धुवावे आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. दुसरे कुत्रे चावल्यावर काही दिवसांनी किंवा महिन्यांनी कुत्रे तीच जागा सारखी चाटू-चावू लागले आणि त्याचा स्वभाव पालटला, तर त्याला हात लावू नये. ती पिसाळण्याची सुरुवात असू शकते. त्याला लांबूनच कोंडून डॉक्टरांना कळवावे. त्याची लाळ ओरखड्यावर लागली किंवा ते चावले, तर ती जागा १५ मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी.

खाजेसाठी कुत्र्याला दवाखान्यात न्याल, तेव्हा पिसाळीची लस केव्हा दिली होती तेही डॉक्टरांना सांगावे. पिल्लू ३ महिन्यांचे झाले की पहिली लस आणि पुढे दरवर्षी एक, हा नेम चुकवू नये.