भिंतीवरचा दाखला आणि ताटातले अन्न

गोव्यातील बहुतेक खानावळींत गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीशेजारी, चौदा आकडी क्रमांकाचा एक कागद चौकटीत घालून टांगलेला दिसतो. अन्न सुरक्षेचा परवाना किंवा नोंदणीचा दाखला तो हाच. गिऱ्हाईक तो सहसा वाचीत नाही; पण तो तेथे आहे एवढ्यावर त्याचे समाधान होते. कोणी अधिकारी येऊन गेला असेल, त्याने चूल, मोरी व पाण्याची टाकी पाहिली असेल आणि मगच हा कागद दिला असेल, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार व्हावयास हवा.

१९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा घेणारा अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम २००६ साली संमत झाला आणि त्याखालील परवाना व नोंदणीची नियमावली ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आली. जुन्या कायद्याचा रोख भेसळ करणाऱ्याला पकडण्यावर होता. नव्याने अन्न निर्धोक ठेवण्याची जबाबदारी ते करणाऱ्यावर व विकणाऱ्यावर टाकली. मोठ्या व्यावसायिकांना परवाना बंधनकारक झाला. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना १०० रुपये वार्षिक शुल्कात नोंदणीची सवलत मिळाली. फेरीवाला, तात्पुरते दुकान मांडणारा, इतकेच नव्हे तर धार्मिक वा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाराही या छोट्या व्यावसायिकाच्या व्याख्येत आला. म्हणजे जत्रेतला खाजेकार आणि देवळातला महाप्रसाद, दोन्ही कायद्याच्या कक्षेत आले. पिण्यायोग्य पाणी, स्वच्छ भांडी, स्वच्छ हात आणि कचऱ्याची सोय अशा त्याच्या साध्या अटी. आपल्या आजीच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरालाही त्या जड वाटल्या नसत्या.

परंतु खरी मेख पुढेच आहे. नोंदणीचा अर्ज आल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने ती द्यावी, नाकारावी अथवा तपासणीची नोटीस काढावी. यांतले काहीच न झाल्यास अर्जदाराला धंदा सुरू करण्यास मोकळीक, असे त्या नियमावलीने ठरविले. लहान माणसाला कचेरीच्या हेलपाट्यांतून सोडविणारी ही तरतूद स्वागतार्हच होय. मात्र तिचा अर्थ असा की, स्वयंपाकघर कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसतानाही धंदा सुरू होऊ शकतो. म्हणूनच नोंदणी झालेल्या जागेची वर्षातून किमान एकदा तपासणी करावी, असेही तेथेच सांगितले गेले. सारी इमारत या एका खांबावर उभी आहे. तो ढासळला तर दाखला म्हणजे शंभर रुपये भरल्याची पावती, दुसरे काही नव्हे.

हा खांब कच्चा असला की शासन कसे वागते, याचे उदाहरण म्हणजे गोबी मांचुरियन. २०२२ मध्ये वास्कोच्या श्री दामोदर सप्ताहातील फेरीत या गाड्यांना आवर घालण्याची सूचना अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव नगरपालिकेला केली. २०२४ च्या आरंभी म्हापशाच्या नगरपालिकेने तर या पदार्थावर बंदीच घातली. कारणे सांगितली गेली ती अस्वच्छतेची आणि कृत्रिम रंगांची. त्याच वर्षी मार्च महिन्यात शेजारच्या कर्नाटकाने गोबीचे १७१ नमुने तपासले, त्यांतील १०७ मध्ये घातक रंग आढळले, आणि बंदी आली ती रंगांवर. दोन पद्धतींतला फरक उघड आहे. पदार्थ बंद केला की तोच हात त्याच कळकट तेलात उद्या दुसरे काही तळील. गुन्हा रंगाचा आणि शिक्षा फ्लॉवरला, हा न्याय सोपा असेल; त्याने कोणाचे पोट सुरक्षित होत नाही.

तपासणीवरचा विश्वास एकदा उडाला की काय होते, हे गोमंतकाने जुलै २०१८ मध्ये भोगले आहे. मडगावच्या घाऊक मासळी बाजारात जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिनचा संशय आला. पुढे प्रयोगशाळेने प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगितले. मासळी टिकविण्यासाठी जे वापरण्याची परवानगीच नाही त्याला मर्यादा कसली, असा प्रश्न लोकांनी विचारला. हे रसायन मासळीत अल्प प्रमाणात निसर्गतःही उत्पन्न होते, हे शास्त्र लोकांपर्यंत पोचण्याआधी संशय घरोघर पोचला होता. परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर बंदी आली. नंतर त्या वाहनांना नोंदणीची व शीतरोधक व्यवस्थेची अट घालण्यात आली. जी शिस्त आधी हवी होती ती भीतीपोटी नंतर आली. दरम्यान कित्येक घरांतले हुमण बंद झाले आणि ज्यांचा काही दोष नव्हता त्या मासळी विकणाऱ्या बायांची टोपली पडून राहिली.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. दाखल्याशेजारी शेवटच्या तपासणीची तारीख आणि निष्कर्ष मराठी-कोंकणीत लावणे सक्तीचे करावे. प्रयोगशाळेचे अहवाल दडवून न ठेवता वेळीच प्रसिद्ध करावेत. आणि जत्रेच्या, फेस्ताच्या जागेचे भाडे घेणाऱ्या नगरपालिका, पंचायती व देवस्थान समित्या यांनी गाडा लागण्यापूर्वी तेथे नळ, कचरापेटी व नोंदणीची सोय केली पाहिजे. एका बादलीत शंभर बशा बुचकळणारा गाडेवाला दोषी खराच. परंतु जेथे नळच नाही तेथे त्याच्याकडून स्वच्छ पाण्याची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा होय. भाडे वसूल करणाऱ्याला जबाबदारीतून सुटका नाही.

अन्न हे पूर्णब्रह्म मानणारा आपला समाज आहे. पानाभोवती चित्राहुती घालताना आपण जो विश्वास ठेवतो, तोच विश्वास परक्याच्या चुलीवर शिजलेला घास तोंडात घालतानाही ठेवावा लागतो. तो सार्थ करण्यासाठी वर्षातून एकदा तरी अधिकाऱ्याचे पाऊल त्या स्वयंपाकघरात पडले पाहिजे. भिंतीवरच्या कागदाला किंमत येईल ती त्यानंतरच.